आर्वीत उणे चाळीस

प्रेमदास थूलनं सारी हयात एस.टी.त काढली, म्हणून त्याला इंजिनातलं कळतं अशी गल्लीतल्या लोकांची समजूत होती. वास्तविक आर्वीच्या डेपोत तो वाहतूक नियंत्रक होता. म्हणजे खिडकीपाशी बसायचं, माइक तोंडाशी धरायचा आणि ‘पुलगावमार्गे वर्ध्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर उभी आहे’ असं खणखणीत सांगायचं. ती अजून उभीच का आहे, हे पाहणं कार्यशाळेचं काम. बसचं बॉनेट त्यानं नोकरीत एकदाही उघडलं नव्हतं. पण रिटायर झाल्यावर गल्लीत कोणाची मोटरसायकल सुरू होईना की लोक त्याला हाक मारत. तोही जाई, कमरेवर हात ठेवून उभा राही, मान तिरपी करून आवाज ऐके आणि शेवटी गंभीर चेहऱ्यानं म्हणे, “प्लग पाह्यजा.” अधूनमधून बिघाड खरंच प्लगचाच निघतो. तेवढ्यावर त्याचं नाव टिकून होतं.

अशा माणसाच्या स्वतःच्या गाडीत एक दिवस पिवळा दिवा लागला, आणि तोही साक्षीदारांसमोर.

शेजारच्या अण्णाजी भोयरांच्या घरचा नवस होता, गिरडच्या टेकडीवर. प्रेमदास नवसाला मानत नव्हता, नवसाच्या जेवणाला मात्र मानत होता. म्हणून तो आणि त्याची बायको कमला आपल्या गाडीनं गेले, आणि परतताना अण्णाजींनाही मागच्या सीटवर घेतलं. गाडी जुनी. एका साहेबाची बदली झाली तेव्हा त्याच्याकडून घेतलेली, आणि तेव्हाच ती साहेबाला नकोशी झालेली होती. जाम गावच्या चौकात तिघांनी चहा घेतला, गाडी वर्ध्याच्या रस्त्याला लागली, आणि डॅशबोर्डावरच्या छोट्या बुद्धमूर्तीच्या बरोबर खाली, काट्यांच्या शेजारी, एक चित्र उजळलं. विहिरीवरच्या पाण्याच्या मोटरीसारखं दिसणारं.

“अवो, हे काय लागलं?” कमलानं बोट दाखवलं.

“काही नाई. इंजिन चालू हाये म्हून सांगते ते.”

“मंग गिरडहून इथपर्यंत बंद होतं का?”

मागून अण्णाजी म्हणाले, “कमलाबाई, तो एस्टीतला मानूस हाये. त्याले बरोबर समजते.”

हा आधार मिळाल्यावर प्रेमदास आणखीच खचला. आर्वी येईपर्यंत त्याची एक नजर रस्त्यावर आणि दुसरी त्या दिव्यावर होती. वाटेत गाडी कुठं बंद पडली नाही, हाच काय तो त्याचा पराक्रम.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत वर्दळ नसताना तो निदानाला बसला. बॉनेट उघडायचा खटका शोधताना आधी पेट्रोलचं झाकण उघडलं, मग डिकी उघडली. शेवटी बॉनेट उघडलं तेव्हा त्यानं आत पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि एकदम ध्यानात आलं की ज्या प्लगबद्दल आपण सगळ्या गल्लीला सल्ला देत आलो, तो प्लग ह्या गाडीत नेमका कुठं असतो हे आपल्याला ठाऊक नाही. त्यानं बॉनेट हळूच बंद केलं. मग कोणीतरी सांगितलं म्हणून पेट्रोलचं झाकण घट्ट आवळलं. दिवा तसाच. आणखी कोणी सांगितलं म्हणून बॅटरीची वायर काढून पुन्हा लावली. त्यानं दिवा गेला आणि गाडीतलं घड्याळ बारावर जाऊन बसलं. संध्याकाळी बाजारात जाऊन येईस्तोवर दिवा परत आला, घड्याळात मात्र बारा वाजले ते वाजलेच. तेव्हा त्यानं काळ्या टेपचा एक तुकडा कापला आणि दिव्याच्या जागी चिकटवून टाकला.

“दूध उतू चाललं तर तुमी डोळे मिटून घ्यान वाटते,” कमला म्हणाली.

बाजाराजवळ अनुपचं गॅरेज होतं. तिथं जाणं म्हणजे गल्लीतली अब्रू बाजारात नेणं, पण जावं लागलं. अनुपनं गाडी सुरू केली, टेप उचलून पाहिली, पुन्हा चिकटवली.

“सेन्सर हाये, काका.”

“कोनता?”

“सेन्सरच.”

“मंग काय करा लागन?”

“चालू द्या तशीच. नाईतर विकून टाका.” आणि वर म्हणाला, “तुमी तर एस्टीतले. तुमाले मी काय सांगू!”

घरी आल्यावर अण्णाजींनी कुंपणावरून विचारलंच, काय निघालं म्हणून. प्रेमदासनं मान तिरपी केली आणि गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, “सेन्सर.”

आता सुरभीबद्दल सांगायला हवं, कारण खरी गोष्ट दिव्याची नाहीच.

सुरभी ही त्याची एकुलती एक लेक. इंजिनिअर झाली, आणि पुण्याजवळ चाकणला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात लागली. दर रविवारी संध्याकाळी तिचा फोन यायचा. फोन प्रेमदासच उचलायचा, कारण रविवारी दुपारपासून तो फोनच्या आसपासच असायचा. मग असं व्हायचं.

“जय भीम, बाबा.”

“जय भीम. बरी हायेस?”

“हो.”

“जेवली?”

“जेवीन आता.”

“बरं. घे, आईले बोल.”

आणि फोन कमलाकडे. मग मायलेकींचं तासभर चालायचं. भाजी, भाव, कोणाच्या पोरीचं जुळलं, कोणाच्या सुनेनं काय म्हटलं. प्रेमदास पेपर घेऊन तिथंच बसायचा आणि एकाच बातमीवर डोळे ठेवून कान तिकडे लावायचा. त्याला लेकीशी बोलायचं नसे असं कोणी म्हणेल तर ते खोटं होईल. आठवडाभर तो मनात वाक्यं जुळवून ठेवायचा. पण तिचा आवाज कानावर आला की ती सगळी वाक्यं सुटलेल्या बससारखी निघून जात. उभ्या स्टँडला बजावून सांगणारा माणूस, अडाण्यापासून आमदारापर्यंत सगळ्यांनी त्याचं ऐकलं, आणि एका पोरीपुढं त्याचा माइक बंद पडायचा. त्याला याची लाज वाटे आणि लाज वाटली की तो आणखी लवकर म्हणे, घे, आईले बोल.

त्या रविवारी कमलानं बोलता बोलता दिव्याचं सांगून टाकलं, टेपसकट. पलीकडून काहीतरी म्हटलं गेलं आणि कमलानं फोन नवऱ्यापुढे धरला.

“तुमाले मांगते.”

“मले?” प्रेमदासनं उगाच लुंगीला हात पुसले. त्या घरात फोन बापाकडून आईकडे जायचा. आईकडून बापाकडे तो पहिल्यांदाच आला.

“बाबा, दिवा स्थिर हाये का उघडझाप करते?”

“स्थिर,” प्रेमदास म्हणाला, आणि त्याचा डेपोतला आवाज आपोआप परत आला. “पिवळा. गाडी सुरू केल्यापासून बंद करेपर्यंत.”

“मंग घाबरायचं नाई. उघडझाप करत असता तर गाडी जागची हलवू दिली नसती मी. पेट्रोल जास्त पिऊन राह्यली का?”

“थोडी.”

“मांगून धुराचा वास?”

“येते.”

“आणि बाबा, ते टेप काढा पहिले.”

फोन कानाशी धरूनच गाडीपाशी जाऊन त्यानं ती काढली. सुरभी म्हणाली, मी एक लहानशी डबी पाठवते कुरिअरनं, ती स्टेअरिंगखाली खोचायची, की गाडी आपलं दुखणं आपणच सांगते. तोवर रोज मला कळवत जा, कसं चाललंय ते. फोन ठेवल्यावर प्रेमदासनं पाहिलं तर कमला त्याच्याकडे बघत होती. “लय बोलले,” ती म्हणाली.

मग रोज संध्याकाळी फोन येऊ लागला. डबी यायला जितका उशीर होई तितकं प्रेमदासला बरं वाटे. कुरिअरवाल्याला शिव्या द्यायच्याऐवजी तो मनातल्या मनात त्याला दीर्घायुष्य चिंतू लागला. फोन गाडीवरून सुरू व्हायचा आणि कुठंही जायचा. सुरभीच्या कारखान्यात एक यंत्र होतं, ते नवीन भागांना रात्रंदिवस गदागदा हलवायचं.

“माझं काम काय, तर वस्तू मोडेपर्यंत हालवायची आणि कुठं मोडली ते लिहायचं,” ती म्हणाली.

“तुझी आई माझ्यासंगं हेच करते. फक्त लिहीत नाई.”

सुरभी इतकी हसली की तिच्या खोलीतल्या अंकिता नावाच्या मैत्रिणीनं काय झालं म्हणून विचारलेलं त्याला ऐकू आलं. आपण लेकीला हसवू शकतो ही गोष्ट प्रेमदासला वयाच्या साठीत कळली. त्या संध्याकाळी त्यानं दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. पुढं त्याला हेही कळलं की पुण्यात पोह्यावर तर्री मागितली तर लोक तोंडाकडे पाहतात, की अंकिता झोपेत इंग्रजीत भांडते, की सुरभीला तिथं सुरुवातीचे महिने फार एकटं वाटलं होतं. हे शेवटचं तिनं सहज म्हटलं. “आता?” एवढंच त्यानं विचारलं. “आता बरं हाये, बाबा,” ती म्हणाली.

अखेर डबी आली. रविवारी सकाळी निदानाचा कार्यक्रम ठरला. कमलाच्या फोनवर व्हिडिओत सुरभी, प्रेमदासच्या फोनवर डबीनं पाठवलेले गाडीचे आकडे. आपला फोन गेला म्हणून कमला कुरकुरत होती, पण तमाशा सोडून जायला तयार नव्हती. प्रेमदासनं डबी खोचली, किल्ली फिरवली आणि पडद्यावर आलेला कोड खणखणीत वाचला, “पी, शून्य, एक, एक, तीन.” जणू तो फलाटावर लागला होता.

“आता आत येणाऱ्या हवेचं तापमान वाचा.”

प्रेमदासनं वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. “उणे चाळीस.”

“आर्वीत बर्फ पडून राह्यला का, बाबा?”

जानेवारीतलं कोवळं ऊन होतं आणि प्रेमदास बनियनवर होता. सुरभीनं समजावून सांगितलं. त्या सेन्सरची वायर तुटली की त्याचा आकडा असा तळाला जातो. गाडी बिचारी समजते की बाहेर भयंकर थंडी आहे, म्हणून इंजिनाला जास्त पेट्रोल पाजत राहते. एअर फिल्टरचा काळा डबा शोधा, त्याच्या मागे पाहा.

डबा सापडला. प्रेमदासनं व्हिडिओचा फोन आत धरला आणि मागच्या फटीत सगळं पांढरंशुभ्र दिसलं.

“बाबा, ते पांढरं काय हाये?”

क्षणभर, अगदी क्षणभरच, प्रेमदासच्या मनात आलं की गाडी म्हणत होती ते खरंच होतं. मग त्यानं बोटानं ओढून पाहिलं. कापूस. उंदरानं छान मऊ घरटं केलं होतं, आणि घर बांधताना आड आलेली वायर दातांनी दूर केली होती.

कापूस कोणाचा, हे विचारायची गरज नव्हती. गावाकडच्या वावरातला यंदाचा सगळा कापूस शेडमध्ये गाडीच्या शेजारीच गंजी लावून ठेवला होता. बाकी सगळ्यांनी केव्हाच विकून टाकला. कमला दिवाळीपासून सांगत होती की विका. पण प्रेमदासचं म्हणणं, थांब, भाव चढेल, मी बाजार ओळखून आहे. जितकं तो इंजिन ओळखून होता तितकंच.

“चला,” कमला घरट्याकडे पाहत म्हणाली, “कोनाले तरी आपला कापूस पसंत पडला.”

सुरभी सांगत गेली तसं प्रेमदास करत गेला. वायरची टोकं सोलली, एकमेकांत पीळ दिला, आणि दिव्यावर लावायला आणलेली तीच काळी टेप ह्या वेळी योग्य जागी गुंडाळली. मग सुरभीनं फोनवर बिघाडाची नोंद पुसायचं बटण दाबायला लावलं, आणि किल्ली फिरवल्यावर दिवा लागला, जरा थांबला आणि विझला. उणे चाळीसचे बावीस झाले.

“शाब्बास, बाबा!”

ह्या एका शब्दासाठी त्यानं आणखी एखादी वायर तोडून जोडली असती. अण्णाजींना त्यानं कुंपणावरून सविस्तर सांगितलं, त्यात उंदीर जरा मोठा केला आणि सुरभीला जरा लहान. अण्णाजी म्हणाले, “मी म्हटलंच होतं, तुले समजते म्हून.”

सोमवारी संध्याकाळी प्रेमदास हातपाय धुऊन, केसांवर कंगवा फिरवून बसला. फोन आला नाही. मंगळवारी आला नाही. का यावा? गाडी बरी झाली होती. रविवारी नेहमीसारखा आला.

“गाडी बरी?”

“बरी.”

“जेवले?”

“हो.”

आणि मग काही नाही. पलीकडे सुरभी थांबली होती, हे त्याला कळत होतं. इकडे त्याच्या छातीत आठवडाभराचं बोलणं भरून होतं, आणि तोंडातून काय निघालं, तर, “घे, आईले बोल.” त्यानं स्वतःच म्हटलं. फोन हातातून गेल्यावर त्याला स्वतःला एक ठेवून द्यावीशी वाटली.

त्यानंतर त्यानं काही दिवस उंदरांवर भरवसा ठेवून पाहिला. कमला म्हणाली कापूस विका, तर तो म्हणाला राहू दे, राहू दे. सकाळी उठून आशेनं बॉनेट उघडायचा. पण कमलानं शेजारची मांजर दुधावर लावली होती आणि उंदरांनी बिऱ्हाड हलवलं होतं. दिवा काही लागेना. मग सरळ खोटं सांगावं की दिवा लागला, असंही त्याच्या मनात आलं. पण रोज सकाळी बुद्धवंदना म्हणणारा माणूस तो. चौथं शील आलं की, खोटं बोलणार नाही असं वचन तो स्वतःच्या तोंडानं देत असे, आणि तासाभरात लेकीला फोनवर खोटं सांगणं त्याला जमणारं नव्हतं.

यावर त्यानं जो तोडगा काढला, तो काढायला एस.टी.त हयात घालवलेलं डोकंच हवं. दिवा लागलेला नसताना लागला म्हणणं खोटं. मग दिवा लावावा. लागल्यावर लागला म्हटलं तर ते सत्यच.

कमला दळण आणायला गेली तेव्हा त्यानं बॉनेट उघडलं. आता त्याला खटका बरोबर ठाऊक होता. सेन्सरच्या प्लगची क्लिप दाबली आणि प्लग ओढून काढला. उघड्या तोंडात धूळ गेली तर लेकीनं केलेलं काम बिघडेल, म्हणून खिशातला धुतलेला रुमाल काढून त्यात प्लग नीट गुंडाळला आणि गाठ मारली. गाडी सुरू केली. थोड्याच वेळात बुद्धमूर्तीखाली पिवळा दिवा उजळला. प्रेमदासला मूर्तीकडे पाहायचा धीर झाला नाही, पण दिव्याकडे तो दिवाळीच्या पणतीकडे पाहावं तसा पाहत राहिला.

त्या संध्याकाळी त्यानं आयुष्यात पहिल्यांदा आपणहून लेकीला फोन लावला. “सुरभी,” तो म्हणाला, “दिवा लागला.” आणि एकही शब्द खोटा नव्हता.

“पुन्हा? थांबा, व्हिडिओ लावते. आईचा फोन घ्या.”

ऊन कललं होतं, पण शेडमध्ये उजेड होता. कमला फोन देऊन दाराशी उभी राहिली. प्रेमदासनं डबी खोचली, कोड वाचला, आकडे वाचले. उणे चाळीस आले तेव्हा त्याला जुनं कोणी भेटल्यासारखं वाटलं. सुरभीनं दिवा लागला त्या क्षणाची नोंद असलेलं आणखी एक पान उघडायला सांगितलं, तेही त्यानं वाचून दाखवलं.

“बाबा, दिवा लागला तवा गाडीचा वेग शून्य होता.”

“हो?”

“इंजिनही थंड होतं. म्हंजे रस्त्यावर नाई लागला. शेडमधीच लागला.”

“उंदीर असन मंग,” प्रेमदास म्हणाला, आणि ‘असेल’ म्हणण्यात खोटं काही नाही अशी मनाची समजूत घातली.

“दाखवा बरं.”

लेक विचारते आहे, आपण सांगतो आहोत, या आनंदात त्यानं बॉनेट उघडलं, फोन फिल्टरच्या मागं नेला आणि चांगला जवळ धरला. धरल्यावर आठवलं. तोवर उशीर झाला होता. फटीत पांढरा रुमाल दिसत होता, चारी टोकं नीट जुळवून गाठ मारलेला.

सुरभीनं पडद्याजवळ चेहरा आणला.

“बाबा,” सुरभी म्हणाली, “उंदीर क्लिप दाबून प्लग काढत नाई.”

“शिकले असतीन,” प्रेमदास पुटपुटला.

“आणि रुमाल?”

दाराशी कमलानं तोंडाला पदर लावला. तिचे खांदे हलत होते. प्रेमदासनं रुमालाकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं. ह्या वयात चोरी पकडली गेली, तीही स्वतःच्याच गाडीतली, स्वतःच्याच रुमालासकट.

“धूळ जाऊ नये म्हून बांधला,” तो म्हणाला. “मीच काढला.”

“काऊन?”

प्रेमदास रुमालाची गाठ चाचपत राहिला. मग तिचा आवाज आला, आणि तो गाडीबद्दल बोलतानाचा आवाज नव्हता.

“मी होस्टेलवर होती तवापासून, बाबा, तुमी फोन घेता आन् लगेच म्हनता, घे, आईले बोल. मले वाटे बाबांले माझ्याशी बोलायचा कंटाळा हाये. मी अंकिताले सांगतलं होतं, माझे बाबा फक्त बसशी बोलतात.”

हे प्रेमदासला लागलं. आत कुठंतरी खोल लागलं. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की आपली फजिती आपल्यालाच ठाऊक आहे. ती पलीकडच्या टोकाला वेगळीच ऐकू येत असेल, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“कंटाळा नाई व, बाई,” तो म्हणाला. “मले समजतच नाई काय बोलावं. तुझ्या आईपाशी भाजी असते, लगनं असतात, सारी गल्ली असते. माझ्यापाशी काहीच नसते. गाडी बिघडली त तू इचारते. बरी झाली त काय इचारशीन?”

सुरभीनं नाक ओढल्याचा आवाज आला. मग ती हसली, पण ओलं हसली.

“प्लग लावा, बाबा. फुकट पेट्रोल जळते.”

“मंग तू फोन करशीन?”

“तुमी करा न. तुमच्यापाशी माझा नंबर नाई का?”

प्रेमदासनं रुमालाची गाठ सोडली, प्लग जागेवर बसवला. टक् असा आवाज झाला. बटण दाबलं, दिवा विझला. दाराशी उभी कमला वळली. आत जाऊन तिनं चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो फोन हातात घेऊन खाटेवर बसला. नंबर लावायला त्याला सरकारी पत्र लिहायला लागेल तितका वेळ लागला. सुरभीनं लगेच उचलला.

“जय भीम, बाबा.”

“जय भीम. गाडी बरी हाये.”

“बरं.”

झालं. गाडी बरी होती आणि बोलणं संपलं होतं. नेहमीचं वाक्य प्रेमदासच्या दातांपर्यंत येऊन उभं राहिलं. कमलानंही स्वयंपाकघरातून येऊन हात पदराला पुसले आणि सवयीनं पुढं केला. तिची काही चूक नव्हती.

प्रेमदासनं इकडं तिकडं पाहिलं. दारातून शेड दिसत होती आणि शेडमध्ये कापसाची ती गंजी.

“कापूस अजून इकला नाई,” तो म्हणाला.

“काऊन?”

“तुझ्या बापाले वाटलं, भाव चढन. साऱ्या गावानं इकला, तुझा बाप बसला गंजी धरून. भाव गेला खाली. बह्याड हाये तुझा बाप.”

सुरभी हसली. “मंग आता?”

“आता काय? तेच त सांगतो. दिवाळीत तुझी आई म्हने...” आणि तो सांगू लागला. कमलाचा हात अजून पुढंच होता. त्यानं फोन दुसऱ्या कानाला नेला.

“थांब व जरा,” तो तिला म्हणाला. “मी बोलून राह्यलो.”